गाळावी, दाबावी की उकळावी?

घरी हातानं कॉफी करायची तर कोणत्या पद्धतीनं, हा प्रश्न बहुतेक मराठी घरांत अगदी अलीकडचा आहे. पूर्वी दूध-पाण्यात साखर आणि कॉफीची पूड टाकून उकळी आणायची, वर जायफळ किसायचं आणि गाळणीनं कपात ओतायची, एवढीच पद्धत होती. चहा रोजचा, कॉफी उपासाला, जागरणाला किंवा पाहुणा ‘मी चहा घेत नाही’ म्हणाला तर. पुढे इन्स्टंटचे डबे आले आणि गाळण्याचंही काम उरलं नाही. फिल्टर कॉफी प्यायची असेल तर माटुंग्याला जायचं, पुण्यात असाल तर वैशाली-रूपालीत बसायचं. आता मात्र ऑनलाइन कॉफी मागवताना एक यादी समोर येते: दळण कशासाठी हवं? साउथ इंडियन फिल्टर, मोका पॉट, फ्रेंच प्रेस, एरोप्रेस, पोर ओव्हर. नवखा माणूस इथेच अडतो, आणि मग सल्ले द्यायला दहा जण पुढे येतात. या सल्ल्यांमागे काय आहे आणि वाद कुठवर आला आहे, याचा हा आढावा.

हा प्रश्न आत्ताच का आला

मुंबईचा कॉफीशी संबंध जुना आहे. कॉफीचा खप वाढावा म्हणून काढलेलं पहिलं इंडिया कॉफी हाऊस 1936 साली चर्चगेटला सुरू झालं. तरी चांगला, ओळखीचा दाणा घरापर्यंत पोचायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. त्याचं कारण कायद्यात होतं. 1942च्या कॉफी कायद्यानं आलेल्या व्यवस्थेत मळेवाल्यांना आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यावं लागे. कूर्गमधली कॉफी, चिकमगळूरची कॉफी, सगळी एकत्र होऊन लिलावात जाई. कोणत्या मळ्यातला दाणा आपण पितो हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्गच नव्हता. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही बंधनं टप्प्याटप्प्यानं उठली. मग मळे थेट विकू लागले आणि 2010नंतर दाणे भाजून विकणारे लहान रोस्टर उभे राहिले: 2013 साली ब्लू टोकाय, पुढे मुंबईत सबको, नागपुरात कॉरिडॉर सेव्हन. पाकिटावर मळ्याचं नाव, जात आणि भाजल्याची तारीख छापून येऊ लागली. एस. 795 आणि चंद्रगिरी या जातींच्या चवीत फरक असतो हे कळायचं असेल तर करायची पद्धतही नेमकी हवी. पद्धतीचा प्रश्न आला तो या वाटेनं.

भांडी आली कुठून

आज बाजारात दिसणारी बहुतेक भांडी एकेका अडचणीतून जन्मली. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांना कपातला गाळ नको होता. 1908 साली त्यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात घातला आणि कागदी गाळणीचा उगम झाला. 1941मध्ये पीटर श्लुमबोम यांनी त्याच कल्पनेला काचेचं केमेक्स हे रूप दिलं. जपानच्या हारिओ कंपनीचा साठ अंशांचा शंकू, म्हणजे व्ही-60, त्याच घराण्यातला. इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून 1933 साली ॲल्युमिनियमचा मोका पॉट आला. कॅफेतल्या एस्प्रेसोच्या जवळपासचं काहीतरी घरच्या शेगडीवर व्हावं, ही त्यामागची इच्छा. फ्रेंच प्रेसच्या नावात फ्रान्स असलं तरी 1929चं महत्त्वाचं पेटंट दोन इटालियनांचं, कालिमानी आणि मोनेता यांचं. दट्ट्या दाबून कॉफी काढायचं एरोप्रेस सगळ्यांत धाकटं: हवेत लांब जाणाऱ्या चकत्या बनवणारे अमेरिकन संशोधक ॲलन ॲडलर यांनी ते 2005 साली बाजारात आणलं.

आपलं दुमजली साउथ इंडियन फिल्टर या मंडळींत सहसा मोजलं जात नाही. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं, पूड दाबायला दांड्याची चकती, खाली डिकॉक्शन, म्हणजे दाट अर्क, साठवायचं भांडं. 1800च्या सुमाराला पॅरिसमध्ये रुळलेल्या दोन खणांच्या गाळणकिटलीशी त्याची रचना जुळते. पण वापर अगदी वेगळा: तिथे कॉफी प्यायलाच गाळली जाई, इथे दुधात घालायचा अर्क काढला जातो.

पाणी नेमकं काय करतं

भाजलेल्या दाण्यातला साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. आंबट-फळांसारखे घटक लवकर उतरतात, कडू आणि तुरट मागून. थोडंच उतरलं तर कॉफी आंबट, पोकळ लागते; फार उतरलं तर कडवट आणि कोरडी. 1950च्या दशकात एमआयटीतले रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी याचा तक्ता मांडला. पुडीच्या वजनाच्या 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरावा आणि पेल्यातल्या कॉफीत विरघळलेला भाग 1.15 ते 1.35 टक्के असावा, अशी त्यातली आदर्श चौकट. लिटरमागे 55 ग्रॅम पूड हे आज सर्रास सांगितलं जाणारं प्रमाण याच परंपरेतलं.

मात्र ही चौकट लोकांच्या पसंतीची सरासरी होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॉफी केंद्रानं अलीकडे ती पुन्हा तपासली. 2020च्या अभ्यासात काळी कॉफी पिणाऱ्यांची आवड एका चौकटीत मावेना. पिणाऱ्यांचे दोन वेगळे गट पडले आणि एकाला जे आवडलं ते दुसऱ्याला आवडलं नाही. ‘आदर्श कप’ ही कल्पनाच त्यामुळे थोडी सैल झाली आहे.

दोन घराणी

पद्धतींची नावं बरीच असली तरी घरासाठी निवड करताना दोनच घराणी ध्यानात ठेवली तर पुरतं. एकात थोड्या पाण्यात दाट अर्क निघतो. तो दुधाला किंवा पाण्याला देता येतो. साउथ इंडियन फिल्टर आणि मोका या घरातले. दुसऱ्यात भरपूर पाण्यातून थेट प्यायची पातळ कॉफी होते: पोर ओव्हर (व्ही-60सारख्या ड्रिपरमधल्या कागदी गाळणीवर हातानं पाणी ओतणं) आणि फ्रेंच प्रेस. एरोप्रेस दोन्हीकडे जातं, आणि त्याच्या लोकप्रियतेचं निम्मं कारण हेच असावं.

साउथ इंडियन फिल्टरची रीत घरोघरी वेगळी, पण गाभा असा. वीस-पंचवीस ग्रॅम पूड वरच्या भांड्यात घालायची, हलक्या हातानं सपाट करायची, चकती ठेवायची आणि शंभर मिलिलिटरच्या आसपास उकळतं पाणी गोल फिरवत ओतायचं. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली पन्नासेक मिलिलिटरच येतं. पूड फार दाबली तर थेंब पडायचे थांबतात. तेव्हा वरच्या भांड्यावर चमच्यानं टकटक करणं हा सार्वत्रिक उपाय. भोकं बुजली तर रिकामं स्टीलचं भांडं गॅसच्या आचेवर धरून ती मोकळी करतात. पहिलं डिकॉक्शन मानाचं; त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून काढलेलं दुसरं पातळ, ते पहिल्यात मिसळायचं की नाही यावर घरात मतभेद. मोठं फिल्टर रात्री लावून ठेवलं तर सकाळी चार जणांची सोय होते. दूध तापवलं, डिकॉक्शन ओतलं, डवरा-टंबलरमध्ये उंचावरून खालीवर केलं की झालं. डब्याच्या घाईतल्या घरात या सोयीचं वजन मोठं आहे.

मोका पॉटमध्ये खालच्या भांड्यातलं पाणी तापतं, वाफेच्या दाबानं पुडीतून वर चढतं. दाब एक-दोन बारच्या घरातला; एस्प्रेसोला नऊ लागतात, म्हणून मोकाच्या कॉफीला एस्प्रेसो म्हणणं जाणकारांना खटकतं. दळण बारीक रव्याचं, पूड दाबायची नाही, पाणी सुरक्षा-झडपेच्या खाली ठेवायचं. खाली आधीच गरम पाणी भरावं की थंड, यावर दोन पक्ष आहेत. गरमवाले म्हणतात, पूड उगाच तापत नाही. थंडवाले म्हणतात, गरम भांड्याचे आटे आवळताना हात पोळतो आणि फरक तेवढा नसतो. आपल्याकडच्या दोन अडचणी मात्र परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. लहान मोका आपल्या गॅसच्या दांड्यांवर नीट बसत नाही, मधून घसरतो. वर छोटी जाळी ठेवावी लागते. आणि मूळचा ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर चालत नाही, त्यासाठी स्टीलचा घ्यावा लागतो.

फ्रेंच प्रेस सर्वांत सोपं. जाड्या रव्यासारखं दळण, लिटरला साठ ग्रॅम, चार मिनिटं, मग जाळी खाली. गाळ राहतो ही नेहमीची तक्रार. ब्रिटिश बरिस्ता जेम्स हॉफमन यांनी रुळवलेला उपाय असा की चार मिनिटांनी वरची साय मोडावी, फेस काढावा, आणखी पाचेक मिनिटं गाळ बसू द्यावा आणि जाळी पार खाली दाबूच नये. म्हणजे प्रेस न दाबता प्रेसची कॉफी. चव खरोखर स्वच्छ येते. फक्त सकाळी एवढा धीर हवा.

पोर ओव्हरमध्ये हात सर्वांत जास्त लागतो. आधी पुडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट फुलू द्यायचं. ताज्या भाजलेल्या पुडीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पूड फसफसून वर येते. फसफसली नाही तर पूड शिळी, हे समजायला यंत्र लागत नाही. पुढचं पाणी किती टप्प्यांत ओतावं यावर मात्र एकमत नाही. 2016चे वर्ल्ड ब्रुअर्स कप विजेते तेत्सु कासुया यांची चार-सहा पद्धत प्रसिद्ध आहे: पहिल्या चाळीस टक्के पाण्यानं आंबट-गोडाचा तोल ठरवायचा, उरलेल्या साठ टक्क्यांनी दाटपणा. दुसरे अनुभवी लोक एकाच संथ धारेनं तितकीच चांगली कॉफी करून दाखवतात.

खरा फरक कशानं पडतो

जाणकारांतला मुख्य वाद इथे आहे. एक पक्ष भांड्याला महत्त्व देतो. शंकूचा कोन, भोकांची संख्या, कागदाची जाडी यांनी पाणी किती वेगानं वाहतं हे ठरतं, आणि त्यावर चव. कलिता वेव्हसारखा सपाट तळाचा ड्रिपर चुका पोटात घालतो, व्ही-60 घालत नाही, असं अनुभवी लोक सांगतात.

दुसरा पक्ष म्हणतो, आधी ग्राइंडर घ्या. मिक्सरमध्ये दळलेल्या पुडीत पीठही असतं आणि खडेही. पीठ कडू होतं, खडे आंबट राहतात, आणि दोन्ही एकाच पेल्यात येतात. पात्यांऐवजी दातेरी चक्क्या असलेला हातग्राइंडर एकसारखं दळतो. अडचण अशी की चांगला हातग्राइंडर बरेचदा वरच्या कोणत्याही भांड्याहून महाग पडतो. प्लॅस्टिकचा ड्रिपर हजाराच्या आत येतो, स्टीलचं फिल्टर त्याहून स्वस्त. ज्याला दुधातलीच कॉफी प्यायची आहे त्यानं ग्राइंडरवर खर्च करावा का, याचं उत्तर या पक्षातही एक नाही. रोस्टरकडून दळून आणलेली ताजी पूड दोन-तीन आठवड्यांत संपवली तर दुधात फार काही हरवत नाही, असं माझं मत. (ग्राइंडरमध्ये पूड चिकटते ती स्थिर विजेमुळे, दाण्यांवर आधी पाण्याचे दोन थेंब टाकले तर ती कमी होते, हे 2023च्या एका शोधनिबंधानं दाखवलं. कोकणात पावसाळ्यात हवाच ते काम करते, फक्त मग पुडीच्या गुठळ्या होतात.)

तिसरा पक्ष पाण्याचा. पेल्यात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि बरिस्ता मॅक्सवेल कोलोना-डॅशवुड यांच्या 2015च्या पुस्तकानं पाण्यातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियमची चर्चा घरापर्यंत आणली. कॉफीसाठी लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास क्षार चांगले मानले जातात. आपल्याकडे आरओचं पाणी पुष्कळदा पन्नासच्या आसपास असतं, त्यात कॉफी सपक आणि आंबट लागते. टँकर-बोअरवेलच्या सोसायटीत पाचशेच्या वर, तिथे ती मातकट. मुंबईला धरणांतून येणारं नळाचं पाणी मुळात मृदू आहे. तेच उकळून वापरलं तर आरओपेक्षा चांगली कॉफी होते, असा अनेकांचा अनुभव. हा प्रयोग फुकट आहे, म्हणून नवं भांडं घेण्याआधी करून पाहण्यासारखा.

तापमानाचा वाद यापेक्षा निवळला आहे. 92 ते 96 अंश ही शिफारस वर्षानुवर्षं चालली. डेव्हिसच्याच 2020च्या एका प्रयोगात 87, 90 आणि 93 अंशांना केलेल्या ड्रिप कॉफीत दाटपणा आणि उतारा (पुडीतला किती भाग पाण्यात उतरला ते) सारखा ठेवला, तर चवीत फारसा फरक आढळला नाही. घरी ते दोन्ही सारखे ठेवणं अवघड, हे खरं. पण थर्मामीटर नसला तर अडत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी उकळतंच 95-96 अंशांना, तिथे तर विचारच नको.

चिकोरी आणि दूध

नव्या पिढीच्या कॉफीवाल्यांत आणि जुन्या फिल्टरवाल्यांत खरी तेढ इथे आहे, जरी दोघं एकमेकांशी सभ्यपणे बोलतात. माटुंग्याच्या दुकानात गिऱ्हाईक ‘पीबेरी-प्लँटेशन अर्धं-अर्धं, वीस टक्के चिकोरी’ असं सांगतो आणि समोर दळण सुरू होतं. पीबेरी म्हणजे फळात एकटाच वाढलेला गोल दाणा, प्लँटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका, चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली. हा व्यापारातला जुना भेद घरच्या बोलण्यात उतरला आहे. चिकोरी हे भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन नाही, पण ते कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं, रंग आणि दाटपणा देतं, पाणी हळू उतरू देतं. मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी असा आपल्याकडे नियम आहे.

विरोधकांचं म्हणणं, चिकोरी स्वस्ताई म्हणून आली आणि दाण्याची चव झाकते. समर्थकांचं म्हणणं, दुधाखाली टिकणारी चव काढण्याचं हे एक कसब आहे आणि ते पिढ्यांनी घडवलं आहे. दोन्ही बाजू आपापल्या पेल्यापुरत्या बरोबर आहेत. मळ्याच्या नावाची हलकी भाजलेली अरेबिका घेऊन तीत तीन भाग दूध ओतायचं, हा मात्र पैशांचा अपव्यय. तिथे कोणत्याही पद्धतीचा उपयोग नाही.

कागद की धातू

चवीबाबत मतभेद साधा आहे: कागद तेलं आणि बारीक गाळ अडवतो, कॉफी स्वच्छ लागते, धातू दोन्ही येऊ देतो, कॉफी भरीव लागते. आरोग्याबाबत पुरावा जास्त ठाम आहे. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल हे रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतं, हे 1990च्या दशकातल्या डच प्रयोगांपासून माहीत आहे. उकळलेल्या आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीत ते भरपूर, कागदातून जवळजवळ नाहीसं. नॉर्वेत पाच लाखांवर लोकांचा सरासरी वीस वर्षं मागोवा घेणाऱ्या, 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाळलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण सिद्ध करणारा नव्हे. साउथ इंडियन फिल्टरला धातूची चाळणी असते, पण पुडीचा दाट थरही गाळायचं काम करतो, आणि एका पेल्यात डिकॉक्शन थोडं पडतं. त्याला कोणत्या रांगेत बसवावं हे निश्चित सांगता येत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असलेल्यानं रोज तीन-चार पेले प्रेसची कॉफी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं, इतपत सावधपणा पुरेसा.

निवड करताना

दूध घालणार असाल आणि घरात तिघा-चौघांना हवी असेल, तर स्टीलच्या फिल्टरला आजही तोड नाही. एकट्यानं राहणाऱ्या, काळी पिणाऱ्या माणसाला एरोप्रेस किंवा सपाट तळाचा ड्रिपर बरा. एरोप्रेस प्रवासात फुटतही नाही. रविवारी सावकाश बसणाऱ्यांना प्रेस. व्ही-60 त्याच्यासाठी, ज्याला कॉफी करणंच आवडतं. कागदाचा खर्च कायमचा आहे आणि लहान गावात कागद ऑनलाइनच मागवावा लागतो, हे लक्षात ठेवावं. प्रेसचा चोथा सिंकमध्ये ओतला तर प्लंबरचाही खर्च धरावा.

जे अजून सुटलेलं नाही

वर सांगितलेले तक्ते, चौकटी आणि प्रयोग जवळजवळ सगळे काळ्या कॉफीवर आणि मुख्यतः अरेबिकावर उभे आहेत. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, कडूपणा जास्त, आंबटपणा कमी. आतापर्यंत ती मिश्रणात भर म्हणून जाई. आता काही मळे ती निवडून, नीट आंबवून, मळ्याच्या नावानं विकतात. असा दाणा हातानं कसा करावा, यावर रोस्टरांचेच सल्ले एकमेकांना छेद देतात. कुणी म्हणतं पाणी 85 अंशांच्या आसपास ठेवा आणि दळण जाड करा, म्हणजे कडूपणा मागे राहील. कुणी म्हणतं उकळत्या पाण्यानं फिल्टर लावा आणि दूध घाला, ती त्यासाठीच चांगली. पहिल्या सल्ल्यात रोबस्टाला अरेबिकासारखं वागवलं जातं, दुसऱ्यात जुन्याच जागी ठेवलं जातं. दाटपणा आणि उतारा यांची अरेबिकाची मापं तिला तशीच लावावीत की वेगळी, आणि तीन भाग दूध घातल्यावर त्या मापांना काही अर्थ उरतो का, यावर एकमत व्हायचं आहे.